टक्के आणि टोणपे

पावसाळ्यात चंदगडच्या एसटी स्टँडवर वेळापत्रकापेक्षा पावसाची मर्जी जास्त चालते. कुठं ओढ्यानं रस्ता गिळलेला असतो, कुठं झाड आडवं पडलेलं असतं. अशा वेळी परगावचा माणूस चौकशीच्या खिडकीकडे जातो आणि गावचा माणूस टक्केमामांकडे.

“मामा, बेळगाव गाडी यील काय?”

मामा आधी रस्त्याकडे बघतात, मग आभाळाकडे, मग मनगटाकडे. घड्याळ बंद असलं तरी बघतात. डाव्या हाताचा अंगठा बोटावर दोनदा घासतात, जणू गठ्ठ्यातून तिकीट फाडतायत, आणि निकाल देतात.

“साठ टक्के.”

विचारणाऱ्याची पंचाईत होते. त्याला ‘येईल’ किंवा ‘येणार नाही’ ऐकायचं असतं. साठ टक्के गाडीत पाय कुठं ठेवणार? पण मामांनी उभ्या जन्मात कुणाला ‘येईल’ असं सांगितलेलं नाही. “यील म्हणणारा ज्योतिषी आणि न्हाई म्हणणारा रिकामटेकडा. आम्ही मधले.”

हे माझे सख्खे मामा. खरं नाव रेशन कार्डावर आहे आणि तेवढ्यापुरतंच आहे. डोक्यावर टक्कल, डोक्यात टक्के. नाव ठेवणाऱ्याला फार डोकं चालवावं लागलं नसणार. 31 वर्षं एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीच्या दिवशी खाकी उतरली, पण डबल बेल अंगात राहिली. घरात एखादा निर्णय झाला की मामा अजून तोंडानं “टिंग टिंग” करतात. निर्णय फिरला तर एकच “टिंग”.

तसं बघितलं तर चंदगडच्या माणसाला हा रोग व्हायचाच. महाराष्ट्राच्या नकाशाचा हा खालचा कोपरा. जिल्हा कोल्हापूर, बाजार बेळगाव, नोकरी गोव्यात नाहीतर मुंबईत. रानात भात, नाचणा, ऊस, रताळी आणि काजू. यातलं पावसाला कधी काय मानवेल याचा नेम नाही. म्हणजे सकाळी उठल्यापासून माणूस तिठ्यावरच उभा. बाकीचे लोक तिठ्यावर उभे राहून तंबाखू मळतात, मामा टक्के मळतात.

मामांच्या शास्त्राचा उगम फुकट्या प्रवाशात आहे. एकदा मला त्यांनी तो हिशेब पाटीवर मांडून दाखवला होता. “समज भाडं 20 रुपये. सापडला तर भाडं भरून वर दंड 100. गेले 120. आता सहा खेपांत एकदा चेकर चढला तर सहा खेपांचं भाडं 120 आणि सापडल्याचे पण 120. बरोबरी! पाचात एकदा चढला तर फुकट्या बुडाला, सातात एकदा चढला तर फुकट्याची दिवाळी. माझ्या लायनीला चेकर कितीदा चढतोय हे फुकट्यांस्नी माझ्यापेक्षा जास्त ठावं असायचं.”

पुढं मी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकलो आणि तिथं गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाशी गाठ पडली, अर्थात पुस्तकातून. कोलंबिया विद्यापीठात एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायला ते निघाले होते आणि उशीर झाला होता. गाडी पैसे देऊन तळावर लावायची की बेकायदा रस्त्यावरच सोडायची? दंड किती, सापडण्याची शक्यता किती, असा गुणाकार करून त्यांनी गाडी रस्त्यावर सोडली. या विचारातून गुन्हा आणि शिक्षेच्या अर्थशास्त्रावरचा त्यांचा 1968 सालचा निबंध उभा राहिला, आणि 1992 साली ते नोबेलचे मानकरी झाले. सुट्टीत घरी आल्यावर मी हे मोठ्या उत्साहानं मामांना सांगितलं.

“पावती फाडली काय त्याची?”

“नाही. सुटले ते.”

“मग अनुभव कच्चा,” मामा म्हणाले आणि नोबेलचा विषय मिटला.

मामांचं खरं हत्यार म्हणजे चार घरांची चौकट. वरती ‘काय घडंल’, बाजूला ‘मी काय करीन’. कर्नाटकातून उतरलेले हत्ती आमच्या भागात उसात शिरायला लागले, तेव्हाची गोष्ट. रात्री राखणीला माळ्यावर जायचं की घरी झोपायचं, यावर भावकीची बैठक बसली. सगळे हिरिरीनं बोलत होते. मामांनी खिशातून पेन्सिल काढली आणि चार घरं भरली. हत्ती आला नाही आणि मी घरी: झोप झाली. हत्ती आला नाही आणि मी माळ्यावर: डास चावले. हत्ती आला आणि मी घरी: ऊस गेला. हत्ती आला आणि मी माळ्यावर: ऊस गेला, मी पण गेलो.

“आता सांगा, हत्ती यायचे टक्के किती धरू?”

कुणी दहा म्हणालं, कुणी चाळीस.

“काय बी धरा. एक टक्का धरा न्हाईतर नव्व्याण्णव धरा, दोन्ही रकान्यात घरीच बरं हाय.” बैठक संपली. जिथं एक रस्ता सगळ्या हवामानात दुसऱ्यापेक्षा सरस असतो, तिथं शक्यता मोजायची गरजच नसते, हा निर्णयशास्त्राचा पहिला धडा. आमच्या वर्गात तो शिकवायला दोन तास गेले होते. मामांना हत्ती पुरला.

पावसाबद्दल मात्र मामांचं आणि पंचांगाचं कधी जमलं नाही. नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस की उंदीर, यावरून पावसाचा अंदाज बांधणाऱ्यांना ते रस्त्यात अडवून विचारत, “उंदीर म्हंजे किती टक्के, तेवढं सांग.” हवामान खात्यावरही सुरुवातीला राग होता, ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’ ही भाषा त्यांना पळपुटी वाटायची. मग मी त्यांना सांगितलं की या शब्दांना मापं आहेत. भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी ठिकाणी पडला तर ‘तुरळक’, निम्म्यापर्यंत ‘काही’, पाऊण हिश्श्यापर्यंत ‘बऱ्याच’, आणि त्यावर गेला तर ‘बहुतेक सर्व’. मामा चहाचा कप तसाच धरून बघत राहिले. “म्हंजे खातं पण टक्क्यातच बोलतंय की! फक्त लाजून बोलतंय.” त्या दिवसापासून रेडिओवर ‘तुरळक ठिकाणी’ आलं की मामा घरात ओरडतात, “पंचवीसच्या आत!” आणि मामी वाळवण बाहेर घालतात किंवा घालत नाहीत. ते त्या ओरडण्यावर अवलंबून नसतं.

पुराणातही मामांचा माणूस आहे: ऋतुपर्ण राजा. महाभारताच्या वनपर्वात, नळ बाहुकाच्या वेषात त्याचा रथ हाकत विदर्भाकडे निघालेला असतो. वाटेत बेहड्याचं झाड दिसतं आणि ऋतुपर्ण धावत्या रथातून सांगतो, त्या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि 2095 फळं आहेत. नळ रथ थांबवून मोजायला बसतो आणि आकडा बरोबर निघतो. मग ऋतुपर्ण त्याला फाशांची विद्या देतो आणि नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो. “एक फांदी बघून झाड सांगायचं, ही कंडक्टरची विद्या,” मामा सांगतात. “मी मागच्या दारातनं एक नजर टाकली की आकडा सांगायचो. पण त्यातली खरी गोष्ट कुणी सांगत न्हाई. नळ राज्य हरला कशानं? फाशे पडायचे किती टक्के, हे न विचारता खेळला म्हणून.”

देवधर्माचंही तसंच. रवळनाथ चंदगडचं दैवत. मामा दर सोमवारी नारळ देतात. मी एकदा खोडी काढली, “मामा, देव असायचे टक्के किती धरलेत?”

“किती का असंनात. नारळ 30 रुपयांचा. देव असला आणि आपुन नारळ दिला न्हाई, तर तोटा किती? मोजता येत न्हाई. मोजता येत न्हाई त्याला टक्क्यानं गुणलं तरी मोजता येत न्हाई तेच उरतंय. मग 30 रुपये स्वस्त की! टिंग टिंग.”

मी थक्क झालो. सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं नेमका हाच युक्तिवाद केला होता. त्याच पास्कलनं 1654 साली फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाशी पत्रं लिहून अर्धवट राहिलेल्या डावातला पैसा कसा वाटायचा हे सोडवलं, आणि संभाव्यतेचं गणित तिथून मार्गी लागलं, असं मानतात. हे सगळं मी सांगितलं.

“पास्कल?” मामा म्हणाले. “पासवाला असंल. पास काढून ठिवला की चेकर असला काय, नसला काय.”

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण एकदा कौल लावताना त्यांनी गुरवालाच विचारलं, शंभरातून उजवा कौल किती वेळा येतो. गुरवानं शांतपणे उत्तर दिलं, “मामा, देवाला एकदाच विचारायचं असतंय. शंभरदा विचारायची जागा म्हंजे चौकशीची खिडकी.” मामा आठवडाभर देवळाकडे फिरकले नाहीत. सोमवारचा नारळ तेवढा माझ्याबरोबर पाठवला. जोखीम कशाला?

मामांच्या टक्क्यांची पहिली परीक्षा झाली ती माझ्या मामेबहिणीच्या लग्नात. तीन स्थळं आली होती. एक मुंबईत नोकरीला, एक गोव्यात हॉटेलात, एक गावातच शेती बघणारा. मामांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठी चौकट आखली. नोकरी टिकंल, सासू चांगली निघंल, जावई पिणार न्हाई, असे रकाने, प्रत्येकाला टक्के, शेवटी बेरीज. मुंबई पहिली आली, गाव दुसरं, गोवा तिसरा. पिण्याच्या रकान्यात गोव्यानं फार मार खाल्ला होता.

ताईनं तो कागद उभा-आडवा वाचला आणि विचारलं, “आण्णा, मला कोण आवडला, हा रकाना कुठाय?”

“तो धरला तर हिशेब बसत न्हाई गं.”

ताई काही बोलली नाही. रात्री माजघरात मामी काहीतरी बोलल्या. सकाळी कागद तोच होता, पण गोव्याच्या ‘पिणार न्हाई’पुढचे 40 खोडून 85 झाले होते. रबरानं कागद इतका घासला होता की तिथून उजेड दिसत होता. गोवा पहिला आला. मामांनी गंभीर चेहऱ्यानं बेरीज वाचून दाखवली आणि टिंग टिंग केलं. शास्त्र शाबूत राहिलं, पोरगी सुखात पडली. जावई पीत नाही, हे मामा आजही आपल्या गणिताच्या खात्यावर जमा धरतात.

दुसरी परीक्षा काजूची. त्यात टोणपे बसले.

त्या साली एप्रिलअखेर मामांच्या घरी 500 किलो काजू बी होती. व्यापारी किलोला 110 रुपये देत होता. मामांनी चौकट मांडली. श्रावणापर्यंत थांबलं तर दर 150 व्हायचे 40 टक्के, 85 वर यायचे 60 टक्के. 150 चे 40 टक्के म्हणजे 60. 85 चे 60 टक्के म्हणजे 51. बेरीज 111.

“एक रुपया जास्त! थांबायचं. टिंग टिंग.”

मी कधी नव्हे ते आडवा आलो. म्हटलं, मामा, 500 किलोवर 500 रुपयांसाठी एवढी जोखीम? डॅनियल बर्नुली नावाच्या गणितज्ञानं 1738 सालीच सांगून ठेवलंय की भरल्या खिशातला रुपया आणि रिकाम्या खिशातला रुपया यांचं वजन एक नसतं. त्यानं उदाहरण दिलंय ते असं: गरिबाच्या हाती एक लॉटरीचं तिकीट आहे, निम्मी शक्यता 20 हजार मोहरांची, निम्मी शक्यता शून्याची. सरासरी निघते 10 हजार. पण तो ते 9 हजारांना विकून मोकळा झाला, तर तो काही मूर्ख नव्हे. एखादा श्रीमंत मात्र ते 9 हजारांना घेणार नाही म्हणाला, तर मूर्ख तो ठरेल.

“तो बर्नुली काजू लावत होता काय?”

मामी भाकरी थापत होत्या. त्यांनी बर्नुली ऐकला की नाही कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी मामा पेन्शनच्या कामाला गेल्यावर व्यापाऱ्याला बोलावून त्यांनी निम्मी बी, 250 किलो, 110 नं घातली. आलेल्या पैशातून पावसाच्या आत घराची कौलं शाकारून घेतली. संध्याकाळी मामांना दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या, कारण घरावर माणसं चढलेली होती.

“माझ्या हिशेबाचं काय?”

“निम्मा ठिवलाय की तुमच्यासाठी,” मामी म्हणाल्या.

उरलेली 250 किलो मागच्या सोप्यात राहिली. पाऊस लागला. चंदगडचा पाऊस कौलातून आला नाही तर भुईतून येतो. त्यात उंदरांनी पोती खालून कुरतडली. काजूच्या टरफलातलं तेल जीभ पोळतं, म्हणून बी कुणी खाल्ली नाही; नुसती पोती खाल्ली. बी ओल्या भुईवर सांडली, तिला बुरशी धरली. श्रावणात दर खरोखरच चढला. 150 झाला! मामा नाचत व्यापाऱ्याला घेऊन आले. व्यापाऱ्यानं मूठभर बी उचलली, वास घेतला आणि परत ठेवली.

मामा रात्रभर चौकट बघत होते. 150 चं घर होतं, 85 चं घर होतं. उंदराला घर नव्हतं.

“बघ भाच्या,” सकाळी ते म्हणाले, “निर्णय बरोबर होता. निकाल चुकला.”

“मग निकालाचीच भाजी करते आज,” मामी आतून म्हणाल्या.

गावानं हे वाक्य उचललं. परीक्षेत नापास झालेली पोरं घरी सांगायला लागली, निर्णय बरोबर होता. मला मात्र ते वाक्य सोडवेना, कारण अर्धं खरं आहे. आपण सगळे निकालावरून निर्णय तोलतो. दारू पिऊन घाट उतरणारा सुखरूप पोचला की तो ‘एक नंबर डायवर’. सगळी काळजी घेऊन पेरणाऱ्याचं रोप पावसानं कुजलं की तो ‘येडा’. मामांचा रुपया जोखमीच्या मानानं फुटकळ होता आणि उंदीर मोजायचा राहिला, या दोन चुका खऱ्या. पण ‘निकाल बिघडला म्हणजे विचारच बिघडलेला’ हे मानायला ते तयार नव्हते, आणि तिथं ते गावापेक्षा शहाणे होते.

मग मी एक काम केलं. मामांच्या घरी खिळ्याला कालनिर्णयच्या जुन्या प्रतींची जुडी टांगलेली असते. एकाच चौकोनात मामींचा दुधाचा हिशेब आणि मामांचे टक्के: ‘दू. 1 ली., बेळगाव 70’. संध्याकाळी समोर बरोबर किंवा फुली. टक्के आधी लिहायचे, निकाल नंतर, आणि खोडायचं नाही. लग्नाचा कागद सोडला तर हा नेम त्यांनी मोडला नव्हता. अमेरिकेतल्या ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञानं 1950 साली अंदाज वर्तवणाऱ्यांना गुण द्यायची रीत काढली, तीही याच पायावर. त्यातला सोपा पडताळा असा: सत्तर टक्के म्हणालात ना, मग जितक्यांदा म्हणालात त्यातल्या साधारण सत्तर टक्के वेळा तसं घडलं का, ते दाखवा.

दिवाळीच्या सुट्टीत मी ओसरीवर बसून मोजलं. मामांनी ‘70’ म्हटलेल्या 50 गाड्यांपैकी 36 आल्या होत्या. ‘40’ म्हटलेल्या 30 पैकी 11. माझ्या विद्यापीठातल्या कुणाला याहून चांगलं जमलं नसतं. मग काजू मोजला. दर चढणार असं ‘80’ नऊ वेळा लिहिलं होतं. चढला होता तीन वेळा.

मामांनी कागद हातात घेतला. बराच वेळ अंगठा बोटावर घासत राहिले.

“गाडी मी रोज बघितली,” ते म्हणाले. “एकतीस वर्षं. काजू वर्षातनं एकदा.” मग हळूच, आत ऐकू जाणार नाही अशा बेतानं: “आणि काजूचा दर चढावा, असं मला वाटत असतंय रं. गाडीचं तसं काय न्हाई. आली काय, न आली काय.”

एवढं खरं बोलणारा तज्ज्ञ मी अजून दुसरा बघितलेला नाही.

परवा निघताना पुन्हा स्टँडवर उभा होतो. पाऊस धोधो. मामा छत्री घेऊन सोडायला आले होते. समोर जीप लावून वडापवाला “बेळगाव, बेळगाव” ओरडत होता. एक जागा उरली होती, तीही गिअरच्या दांड्यापाशी. मी मामांकडे बघितलं. रस्ता, आभाळ, मनगट.

“पस्तीस.”

काजूचं असतं तर मामींना विचारलं असतं. गाडीचं होतं, म्हणून मुकाट्यानं वडापात शिरलो आणि गुडघे छातीशी घेऊन बसलो. पाटणे फाट्याच्या अलीकडे मागून हॉर्न वाजला. बेळगाव एसटी आम्हाला मागं टाकून गेली. खिडकीच्या सगळ्या जागा रिकाम्या होत्या.

निर्णय बरोबर होता.